पीएफएक्सची पेम कशी झाली? : सर्टिफिकेट बदलण्याच्या घाईतले एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका मध्यम आकाराच्या संस्थेतले हे प्रकरण आहे. संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत एवढे तपशील झाकले आहेत. मला तिथे बाहेरची सल्लागार म्हणून बोलावले होते.

सर्टिफिकेट म्हणजे संकेतस्थळाची ओळख पटवणारी आणि जोडणी सुरक्षित करायला लागणारी डिजिटल फाईल. संस्थेचे एक वाइल्डकार्ड सर्टिफिकेट, म्हणजे मुख्य नावाखालच्या सगळ्या उपनावांना चालणारे, तीन ठिकाणी वापरात होते. कर्मचाऱ्यांचे अंतर्गत पोर्टल विंडोज सर्व्हर २०१६ वर आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये चाले. ग्राहकांच्या संकेतस्थळापुढे लिनक्सवर एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर होता. मोबाईल ॲपचे एपीआय, म्हणजे ॲपला माहिती पुरवणारी सेवा, टॉमकॅट या जावावर चालणाऱ्या सर्व्हरवर होते, जावा ८ च्या बऱ्याच जुन्या अपडेटवर. सर्टिफिकेट एकच, पण प्रत्येक ठिकाणी ते वेगळ्या रूपात लागे. आयआयएसला पीएफएक्स प्रकारची फाईल, एनजिनएक्सला पेम, टॉमकॅटला जेकेएस.

आधीचे प्रशासक दरवर्षी हे काम एकट्याने करत आणि इतक्या शांतपणे करत की बाकी कुणाला त्यात काही काम असते हेच माहीत नव्हते. ते नोकरी सोडून गेले. मागे राहिले एक फोल्डर, त्यात सात फाइली, आणि कोणती कशासाठी याची एका ओळीचीही नोंद नाही.

नवे सर्टिफिकेट विकत घेतले होते. त्यासाठीची सीएसआर, म्हणजे मागणीची फाईल, विंडोज सर्व्हरवर तयार झाली होती, त्यामुळे प्रायव्हेट की, म्हणजे सर्टिफिकेटच्या जोडीची गुप्त किल्ली, विंडोजच्याच कोठारात होती. सर्टिफिकेट देणाऱ्या प्राधिकरणाने झिप पाठवली. तिच्यात एक सीआरटी, एक सीईआर आणि एक पी७बी अशा तीन फाइली. जुन्या सर्टिफिकेटची मुदत शनिवारी पहाटे संपत होती. मला फोन आला गुरुवारी दुपारी चार वाजता.

अडचण

फोनवर सांगितलेली अडचण अगदी वेगळी होती. “मॅडम, नवीन सर्टिफिकेट संकेतस्थळावर लावलंय. ब्राउझरमध्ये कुलूप दिसतंय, सगळं व्यवस्थित आहे. पण संकेतस्थळावरून येणारं ॲपमधलं मदतीचं पान उघडतच नाही. ॲपवाले म्हणतात तुमचं सर्टिफिकेट खोटं आहे.”

हे लक्षण ओळखीचे होते. ओपनएसएसएल या सर्टिफिकेटे हाताळणाऱ्या साधनातल्या एस-क्लायंट आज्ञेने सर्व्हरला जोडून ‘शो-सर्ट्स’ पर्याय दिला, तर सर्व्हर फक्त एकच सर्टिफिकेट पाठवत होता, स्वतःचे. त्याच्यावर सही करणारे मधले सर्टिफिकेट, ज्याला सगळे इंटरमीजिएट म्हणतात, पाठवलेच जात नव्हते. क्रोमसारखा ब्राउझर अशा वेळी सर्टिफिकेटमध्येच लिहिलेल्या पत्त्यावरून मधला दुवा स्वतः आणतो. फायरफॉक्सने २०२० पासून असे दुवे आधीच जवळ ठेवायला सुरुवात केली. अँड्रॉइड ॲप किंवा साधा जावा प्रोग्राम यातले काही करत नाही. सर्व्हरने साखळी, म्हणजे स्वतःचे आणि मधले सर्टिफिकेट, पूर्ण दिली तर विश्वास, नाही तर जोडणी बंद. म्हणून ‘ब्राउझरमध्ये चालतंय’ ही सर्टिफिकेटची परीक्षाच नव्हे.

साखळी जोडायची म्हणून मी एनजिनएक्सवरची पेम फाईल उघडायला सांगितली. स्क्रीन शेअर होता. फाईलच्या माथ्यावर, ‘बिगिन सर्टिफिकेट’च्या ओळीच्याही वर, काही जादा ओळी होत्या: ‘बॅग ॲट्रिब्यूट्स’, ‘लोकल की आयडी’, आणि खाली मायक्रोसॉफ्टच्या एका क्रिप्टोग्राफिक प्रोव्हायडरचे, म्हणजे की सांभाळणाऱ्या विंडोजच्या भागाचे, नाव. पेम वाचणारे प्रोग्राम ‘बिगिन’ आणि ‘एंड’ यांच्या बाहेरचा मजकूर सोडून देतात, त्यामुळे या ओळींचा त्रास काहीच नाही. पण त्या एक गोष्ट सांगत होत्या. ही फाईल विंडोजमधून काढलेल्या पीएफएक्सपासून बनली होती, आणि पीएफएक्समध्ये प्रायव्हेट की असते.

“ही पेम कशी केलीस?” मी लिनक्स सांभाळणाऱ्या तरुण सहकाऱ्याला विचारले.

“एका वेबसाईटवर, मॅडम. पीएफएक्स अपलोड केली, पासवर्ड टाकला, एका मिनिटात झाली.”

खरी अडचण ही होती. संस्थेच्या सगळ्या उपनावांना चालणाऱ्या वाइल्डकार्डची प्रायव्हेट की, तिच्या पासवर्डासकट, एका अनोळखी सर्व्हरवर जाऊन आली होती.

फाइलींचा गोंधळ कुठे झाला

त्या मुलाला दोष देऊन सोडून देणे मला पटत नाही. तो तिथे कसा पोहोचला ते पाहिले, तर प्रत्येक पायरी समजण्यासारखी आहे.

त्याने आधी पी७बी घेतली आणि तिचे नाव बदलून पुढे पेम लावले. एनजिनएक्सने ‘स्टार्ट लाइन’ सापडत नाही म्हणून नाकारली. मग सीईआर लावली. तोच निरोप. मग सीआरटी लावली. ती चालली, पण की मागितली. की लिनक्सवर नव्हतीच. विंडोज बघणाऱ्या वरिष्ठ सहकाऱ्यांनी ती पीएफएक्स करून दिली. एनजिनएक्सला पीएफएक्स कळत नाही. तोपर्यंत तीन तास गेले होते. शोधयंत्रात ‘पीएफएक्स टू पेम’ टाकले, तर वरच्याच ओळीत एक वेबसाईट फुकट करून देत होती.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. फाईलच्या नावातली शेवटची तीन अक्षरे आपण तिचा प्रकार धरतो. सर्टिफिकेटच्या बाबतीत ती अक्षरे फार भरवशाची नसतात. सीआरटी किंवा सीईआर नावाची फाईल पेमही असू शकते, डीईआरही. दोन्हींत सर्टिफिकेट तेच असते. डीईआर म्हणजे त्याची मूळ बायनरी मांडणी. तीच बायनरी बेस६४ मध्ये अक्षरांत उतरवली, ओळी पाडल्या, वर ‘बिगिन’ आणि खाली ‘एंड’ घातले की पेम. पेम हे नाव ‘प्रायव्हसी एनहान्स्ड मेल’ या १९९३ च्या ईमेल सुरक्षेच्या मानकातून आले. ती ईमेलची योजना रुजली नाही, पण हे वेष्टन टिकले.

ओळखायची खूण सोपी आहे. फाईल नोटपॅडमध्ये उघडावी. ‘बिगिन’ दिसले तर पेम, आणि त्याखालची ओळ जवळजवळ नेहमीच ‘एमआयआय’ या अक्षरांनी सुरू होते. तो योगायोग नाही. डीईआर सर्टिफिकेटचे पहिले दोन बाइट सोळा-आधारी अंकांत ३० आणि ८२ असतात, आणि ते बेस६४ मध्ये उतरवले की सुरुवात अशी होते. तेच डीईआर थेट नोटपॅडमध्ये उघडले तर सुरुवातीला एक शून्य दिसते आणि पुढे न वाचता येणारी चिन्हे. त्या मुलाची सीईआर अशीच होती. पण एवढ्यावरून बायनरी फाईल सर्टिफिकेटच आहे असे म्हणता येत नाही, कारण पीएफएक्सही याच दोन बाइटांनी सुरू होते. तिथे ओपनएसएसएललाच विचारावे लागते.

पी७बी ही निराळी वस्तू. तिच्यात एकाहून अधिक सर्टिफिकेटे असतात, प्रायव्हेट की नसते. त्यामुळे पी७बीपासून एनजिनएक्सला लागणारे सगळे कुठल्याही साधनाने काढता येणार नाही. जे आत नाही ते बाहेर कसे येईल? पीएफएक्स, म्हणजेच पीकेसीएस१२, ही मात्र पेटी आहे. तिच्यात की, सर्टिफिकेट आणि हवी असल्यास पूर्ण साखळी पासवर्डाखाली राहते. इथे विंडोजमधून ती काढताना ‘शक्य असल्यास साखळीतील सर्व सर्टिफिकेटे घ्या’ या चौकटीत खूण केली नव्हती. म्हणून पेमही एकट्या सर्टिफिकेटची झाली आणि ॲप रुसले.

समोरचे पर्याय

संध्याकाळी सहाला विभागप्रमुख, ते दोघे सहकारी आणि मी फोनवर जमलो. तीन मार्ग पुढे आले.

पहिला मार्ग म्हणजे जे आहे ते चालू द्यायचे आणि फक्त साखळी जोडायची. वेबसाईटवर लिहिले होते की फाइली थोड्या वेळात पुसल्या जातात. ते खरेही असेल. पण ते तपासण्याचा कुठलाच मार्ग आपल्या हातात नव्हता, आणि प्रायव्हेट कीचा अर्थच असा की ती फक्त मालकाकडे आहे याची मालकाला खात्री आहे. ती खात्री गेली होती.

दुसरा मार्ग विभागप्रमुखांचा होता. आत्ता हीच ठेवू, सोमवारी नवी की करून सर्टिफिकेट पुन्हा काढू. यात लोभ होता, कारण शनिवारची मुदत डोक्यावर होती. त्यांचा प्रश्न रास्त होता: “तोपर्यंत नक्की काय बिघडणार आहे?” दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्या लागल्या. आज दुपारपासून ग्राहकांनी जे पाठवले, ते कुणी साठवून ठेवले असेल तरी नुसत्या या कीने उलगडता येणार नाही, कारण टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या १.३ आवृत्तीत, आणि १.२ मध्ये ईसीडीएचई ही किल्ली ठरवण्याची रीत असेल तर, प्रत्येक जोडणीची गुप्त किल्ली तात्पुरती आणि निराळी बनते. पण ज्याच्याकडे ही की आहे आणि जो वाटेत बसू शकतो, तो यापुढे संस्थेचे नाव लावून ग्राहकाशी बोलू शकतो. वाइल्डकार्ड असल्याने कुठल्याही उपनावाने. मग विभागप्रमुखांनी सोमवारचा आग्रह सोडला.

तिसरा मार्ग निवडला. एनजिनएक्सवर लगेच जुने सर्टिफिकेट परत लावायचे. ते अजून दीड दिवस चालणार होते आणि त्याची की कुठेही गेली नव्हती. मग नवी की, नवी सीएसआर, पुन्हा जारी केलेले सर्टिफिकेट, आणि प्राधिकरणाला उघड सांगायचे की आधीची की फुटली.

सांगण्याच्या वेळेवर थोडी चर्चा झाली. सीए-ब्राउझर फोरम या प्राधिकरणांच्या आणि ब्राउझरवाल्यांच्या मंडळाच्या नियमांप्रमाणे की फुटल्याचे कळल्यावर प्राधिकरणाला ते सर्टिफिकेट २४ तासांत रद्द करावे लागते. जुने परत लावलेले असल्याने रद्द होण्याने आपले काही बंद पडणार नव्हते. म्हणून आधी मागे फिरायचे आणि लगेच कळवायचे, असा क्रम ठरला. जुन्याची मुदत अजून बाकी आहे याची आठवण विंडोजवाल्या सहकाऱ्यांनी करून दिली. माझ्या मनात ते आले नव्हते, आणि त्या संध्याकाळचा सगळ्यात उपयोगी सल्ला तोच ठरला.

आणखी एक निर्णय होता. प्रायव्हेट की एकदाच करून तीन ठिकाणी रूपांतर करायचे, की तिन्ही ठिकाणी स्वतंत्र की आणि स्वतंत्र सीएसआर? दुसरे कधीही चांगले, कारण मग की सर्व्हर सोडून जातच नाही आणि रूपांतराची गरजही उरत नाही. पण त्यांनी घेतलेल्या योजनेत एका वाइल्डकार्डच्या अशा वेगळ्या प्रती मिळतात की नाही, हे त्या रात्री विचारायला कुणी उपलब्ध नव्हते. एकच की, लिनक्सवर, असे ठरले.

काय केले

पावणेसातला एनजिनएक्स जुन्यावर आले. नवी की लिनक्स सर्व्हरवरच बनवली, फाईलचे हक्क फक्त रूटला, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याला, दिले, सीएसआर पाठवली. डोमेनची पडताळणी काही दिवसांपूर्वीच झाली असल्याने नवे सर्टिफिकेट काही मिनिटांत आले. कळवण्याचे पत्र विभागप्रमुखांनी स्वतः लिहिले.

सगळ्यात आधी जोडी जुळते का ते पाहिले. कीमधून सार्वजनिक की काढायची, सर्टिफिकेटमधूनही काढायची, आणि दोन्ही अक्षरशः सारख्या आहेत का बघायचे. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी आहे. ती केली नाही तर नंतर तीन सर्व्हरांवर तीन निराळ्या भाषांत एकच चूक वाचावी लागते.

मग साखळी. पी७बीमधून ओपनएसएसएलच्या ‘प्रिंट सर्ट्स’ पर्यायाने सर्टिफिकेटे बाहेर काढली. त्यांचा क्रम बरोबर असेलच असे नसते, म्हणून प्रत्येकाचा ‘सब्जेक्ट’ आणि ‘इश्युअर’ पाहून लावले: आधी आपले, मग मधले. साखळीच्या मुळाशी असलेले रूट सर्टिफिकेट घातले नाही, ते ग्राहकाच्या यंत्रात असतेच. दोन फाइली एकामागे एक जोडल्या आणि एनजिनएक्सची चाचणी आज्ञा चालवली, तर पुन्हा नकार. फाईल उघडून शेवटापर्यंत गेलो. पहिल्या फाईलच्या शेवटी नवी ओळच नव्हती. ‘एंड सर्टिफिकेट’च्या पाच आडव्या रेघा आणि ‘बिगिन सर्टिफिकेट’च्या पाच एकमेकींना चिकटून सलग दहा झाल्या होत्या. मध्ये एंटर मारला आणि चाचणी पास झाली. चालू सर्व्हर रीलोड करण्याआधी चाचणी घेतली म्हणून हे ग्राहकांना दिसले नाही.

विंडोजची पाळी आली तेव्हा आठ वाजले होते. लिनक्सवर ओपनएसएसएल ३ होते. त्याने की, सर्टिफिकेट आणि मधले मिळून पीएफएक्स केली आणि संस्थेच्या आतल्याच सुरक्षित मार्गाने विंडोजवर नेली. आयात करताना निरोप आला: पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा टाकला. दुसऱ्याने टाकला. अक्षर-अक्षर वाचत तिसऱ्याने टाकला. पासवर्ड साधा करून फाईल पुन्हा बनवली. तोच निरोप. चाळीस मिनिटे गेली.

पासवर्ड पहिल्यापासून बरोबरच होता. २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३.० ने पीएफएक्सचे कुलूप बदलले. आधी सर्टिफिकेटांसाठी ४० बिटांचे आरसी२ आणि कीसाठी ट्रिपल डेस या जुन्या कूटपद्धती वापरल्या जात. आता एईएस-२५६, आणि अखंडतेच्या तपासणीला एसएचए-२५६. विंडोज सर्व्हर २०१६ ला हे नवे कुलूप उघडता येत नाही. पण ‘मला हे कुलूप माहीत नाही’ असे न सांगता ते ‘किल्ली चुकली’ म्हणते. जावा ८ च्या ३०१ पूर्वीच्या अपडेटांनाही ते वाचता येत नाही. म्हणजे तिसऱ्या सर्व्हरवरही आम्ही याच भिंतीला धडकणार होतो.

इथे ओपनएसएसएलला जुन्या कुलपाचा ‘लेगसी’ पर्याय देऊन मोकळे होता आले असते. पण त्याने सर्टिफिकेटांचा भाग पुन्हा ४० बिटांच्या कमकुवत आरसी२ वर जातो. आम्ही की आणि सर्टिफिकेट दोन्हींसाठी ट्रिपल डेस आणि तपासणीला एसएचए-१ असे स्वतः सांगितले. हेही आजच्या मापाने जुनेच. म्हणून पासवर्ड लांब आणि यादृच्छिक घेतला, फाईल आतल्या मार्गानेच नेली, आणि आयात झाल्यावर दोन्ही टोकांना पुसली. विंडोजने फाईल विनातक्रार घेतली.

टॉमकॅटसाठी जावाच्या कीटूल या साधनाने त्याच पीएफएक्सचे जेकेएस केले. सेवा सुरू होईना. या नावाने कुठलीही की नाही, असे नोंदवहीत आले. पीएफएक्स करताना आम्ही तिला ‘फ्रेंडली नेम’ दिले नव्हते, त्यामुळे जावाने तिचे उपनाव नुसते ‘१’ ठेवले, आणि टॉमकॅटच्या मांडणीत आधीच्या प्रशासकांनी दिलेले नाव होते. उपनाव बदलले, सेवा उठली.

निष्पत्ती

रात्री साडेदहाला तिन्ही ठिकाणी नवे सर्टिफिकेट होते. तपासणी ब्राउझरने केली नाही. तिन्ही पत्त्यांवर एस-क्लायंटने जोडून अनुक्रमांक जुळवले, साखळीत दोन सर्टिफिकेटे येतात हे पाहिले आणि मग ॲप उघडले. मदतीचे पान आले. शुक्रवारी दुपारपर्यंत फुटलेले सर्टिफिकेट रद्द झाल्याचे प्राधिकरणाने कळवले.

त्या कीचा कुणी गैरवापर केल्याचे दिसले नाही. केला नाही असे मात्र कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि संस्थेच्या अहवालात मी ते तसेच लिहिले.

एनजिनएक्सवर नंतर एसीएमई, म्हणजे सर्टिफिकेट आपोआप मागवण्याची पद्धत, लावली. की तिथेच बनते, सर्टिफिकेट तिथेच येते, माणसाचा हात लागत नाही. याला कारण फक्त हा गुरुवार नव्हता. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती. नव्या नियमाने ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येते. म्हणजे हाताने करायचे तर हे सगळे वर्षाला किमान आठ वेळा, तीन ठिकाणी.

काय वेगळे करता आले असते

माझ्याकडून एक मोठी चूक झाली. चार वाजता फोन आला तेव्हा मी लगेच साखळीकडे वळले. ही फाईल कुठून आली, हा प्रश्न विचारायला मला पाऊण तास लागला, तोही त्या जादा ओळी दिसल्या म्हणून. त्या नसत्या तर मी साखळी जोडून, सगळे बरोबर झाले असे सांगून फोन ठेवला असता. आता कुठल्याही सर्टिफिकेटच्या तक्रारीत माझा पहिला प्रश्न तोच असतो.

त्या मुलाने रूपांतरासाठी वेबसाईट शोधली तेव्हा त्याच्याच सर्व्हरवर ओपनएसएसएल होते. त्याला ते ठाऊक होते. पण त्याच्या आज्ञा आठवत नव्हत्या, आणि चुकीच्या आज्ञेने सर्टिफिकेट खराब होईल अशी धास्ती होती. रूपांतराने मूळ फाईल बदलत नाही, दुसरी तयार होते, एवढे कुणी त्याला आधी सांगितले असते तर त्याने प्रयोग केले असते. आणि हवे होते ते नुसते सर्टिफिकेट असते, तर वेबसाईटवर टाकल्यानेही फार बिघडले नसते. ते तर सर्व्हर प्रत्येक पाहुण्याला दाखवतोच. की आत आहे का, हे न बघता फाईल पाठवली गेली, तिथे घात झाला.

विंडोजवाल्या सहकाऱ्यांनी पीएफएक्स ईमेलने दिली होती आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये होता. वेबसाईटचा विषय एवढा मोठा झाला की हे दुसऱ्या दिवशी लक्षात आले. वेबसाईट मध्ये आली नसती, तरी या एका कारणासाठीही मी की बदलायला सांगितले असते.

जावा ८ चा तो सर्व्हर अजून तसाच आहे. अपडेट करायचे ठरले, पण ॲपची चाचणी लांबत गेली. म्हणून टॉमकॅटसाठी आजही ट्रिपल डेसची पीएफएक्स करावी लागते. त्या जुन्या फोल्डरमध्ये आता एक साधी मजकूर फाईल आहे. कोणत्या सर्व्हरला कोणते रूप लागते, उपनाव काय, आणि ‘पासवर्ड चुकीचा’ असे आले तर पासवर्ड पुन्हा टाकत न बसता आधी काय तपासायचे, हे त्या मुलाने स्वतःच्या शब्दांत तिथे लिहून ठेवले आहे.